भयपटावर बंदी मागण्याआधी थिएटरच्या दाराकडं बघा

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलला शिकवते. गेल्या महिन्यात इथल्या थिएटरला हिंदीत डब केलेला एक परदेशी भयपट लागला. सर्टिफिकेट 'ए' होतं, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, तरी आमच्या शाळेतली नववी-दहावीची पोरं बघून आली. एका मुलाला आठवडाभर धड झोप नाही. सिनेमा पुन्हा लावायचं चाललंय असं कळल्यावर पालकांनी बंदीचं निवेदन तयार केलंय, ते तहसीलदारांना द्यायचंय. थिएटरवाले म्हणतात, 'सेन्सॉरनं पास केलंय, आमचा काय दोष?' मग सेन्सॉर नेमकं करतं काय? असली दृश्यं कापून का टाकत नाहीत? आणि हेच सगळं मोबाईलवर दिसत असताना थिएटरवर बंदी घालून उपयोग काय? तुम्ही या धंद्यात बरीच वर्षं काढलीत, म्हणून विचारते.

उत्तर : ताई, निवेदनावर सह्या झाल्या असल्या तरी ते दोन दिवस थांबवा. देऊच नका असं म्हणत नाही, मजकूर बदलून द्या. तहसीलदारांच्या हातात जे नाही तेच तुम्ही मागताय, आणि मागितलं तर मिळण्यासारखं जे आहे ते कागदावर आलेलंच नाही.

मी आधी वितरणात होतो, नंतर थिएटरची व्यवस्था बघितली. सेन्सॉरच्या खोलीत कधी बसलो नाही. तिथून सुटलेला सिनेमा गावात आला की काय होतं, ते मात्र रोज बघितलं. सिनेमाच्या धंद्यात मराठवाडा अजूनही 'निझाम' या वितरण विभागात धरतात. हैदराबाद संस्थान १९४८ ला संपलं, पण वितरणाच्या नकाशावर आपले जिल्हे तेलंगणाच्या बाजूलाच राहिले, मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात आले नाहीत. त्यामुळं दक्षिणेतली डब केलेली मारधाड आणि भुताखेतांचे सिनेमे आपल्या प्रेक्षकाला फार पूर्वीपासून सवयीचे आहेत. आपल्याकडची माणसं साधीभोळी, त्यांना रक्त सोसत नाही, असं मुंबईतला कुणी म्हणाला की मला हसू येतं.

आता सेन्सॉर मंडळाचं काम. १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आजही चालू आहे. निर्माता प्रादेशिक कार्यालयात अर्ज करतो. सल्लागार मंडळातली चार माणसं आणि एक अधिकारी सिनेमा बघतात, त्यात बायका असाव्याच लागतात. प्रत्येकजण आपलं मत लिहून देतो : कोणतं सर्टिफिकेट द्यावं, काय कापावं, काय म्यूट करावं. निर्मात्याला पटलं नाही तर पुनरीक्षण समिती असते. त्याच्या वर दिल्लीला अपील न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये बंद केलं. आता थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. मोठ्या निर्मात्याला ते परवडतं. छोट्याचं व्याज रोज चढत असतं, प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते, मग तो म्हणतो, 'कापा काय कापायचं ते, पण सर्टिफिकेट द्या.' पडद्यावर दिसणाऱ्या काटछाटीतली बरीचशी याच घाईतून आलेली असते.

सर्टिफिकेट कशावरून नाकारता येतं ते कायद्याच्या ५ब कलमात आहे : देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. भयाचा उल्लेख तिथं नाही, तो १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांत येतो. हिंसा, क्रौर्य आणि भय यांची निरर्थक किंवा टाळता येण्यासारखी दृश्यं नकोत, निव्वळ करमणुकीसाठी घातलेली आणि माणसाला बधिर करणारी हिंसा नको, असा त्याचा आशय. आता भयपट म्हणजेच मुळात करमणुकीसाठी घातलेली भीती. ही सूचना अक्षरशः लावली असती तर रामसे बंधूंचा एकही सिनेमा थिएटरपर्यंत पोचला नसता. तशी ती लावत नाहीत, कारण त्याच सूचनांत असंही आहे की सिनेमा एकूण परिणामावरून तोलायचा. या दोन सूचनांच्या मधल्या जागेत समिती बसलेली असते. म्हणून एक सिनेमा सुखरूप सुटतो आणि त्याच्यापेक्षा सौम्य असलेला अडकतो. यात दरवेळी कटकारस्थान शोधू नका. वेगळ्या दिवशी वेगळी पाच माणसं बसली होती, इतकंच बऱ्याचदा असतं.

तुम्ही विचारलंत, कापून का टाकत नाहीत. कापतात, ताई. आणि माझी खरी तक्रार तिथंच आहे.

समजा, तळघरात एका माणसाची बोटं छाटतात असं दृश्य आहे. मूळ सिनेमात चार शॉट असतात. आधी त्या माणसाचा चेहरा, मग पातं खाली येतं, मग टेबलावर पडलेली बोटं, शेवटी लांबून सगळी खोली. समितीनं लिहून दिलं की बोटं छाटतानाचा शॉट काढा आणि रक्ताचा जवळून घेतलेला शॉट निम्मा करा. एडिटर निमूटपणे तसं करतो. चेहरा राहतो, किंकाळी राहते, हाडावर पातं बसल्याचा आवाज राहतो. बोटं जातात. न कापलेलं दृश्य लागलं की आमच्याकडं पुढच्या रांगेतून कुणीतरी हमखास ओरडायचं, 'रबराचं हाय रं ते!' हॉल हसायचा आणि ताण उतरायचा. कापलेल्या दृश्यात रबर दिसतच नाही, त्यामुळं हसायला काही उरत नाही. बघणारा ती बोटं आपल्या मनानं भरून काढतो, आणि मनातली बोटं रबराची नसतात. भयपट करणाऱ्या जाणत्या लोकांना हे चांगलं ठाऊक असतं, ते आपणहूनच दाखवत कमी असतात. तेव्हा कापलं म्हणजे सौम्य झालं, हे गणित भयपटाला लागू पडत नाही.

आवाजाचं निघालं म्हणून सांगतो. बूथमध्ये साउंड प्रोसेसरवर एक आकडा असतो. मुंबईत मिक्सिंग करताना सिनेमा सातवर ठेवून ऐकलेला असतो. गावाकडं सातवर कुणी चालवत नाही. साडेचार-पाचच्या आसपास ठेवतात, कारण जुन्या हॉलचे पत्रे थरथरतात आणि शेजारचे भांडायला येतात. भयपट लागला आणि बाल्कनीत बायका-लेकरं दिसली की आमचा ऑपरेटर न सांगता अर्धा आकडा खाली घ्यायचा. दचकवणारी जागा असते ना, शांत-शांत आणि मग एकदम धाडकन, ती अर्ध्या आकड्यानं निम्मी बोथट होते. कलावंत मंडळींना हा अपराध वाटेल. पण कुठल्याही कटनं जेवढी भीती कमी होत नाही तेवढी त्या एका बटणानं होते, आणि त्याला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज लागत नाही.

कापण्याचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे आणि पालकांना तो कुणी सांगत नाही. 'ए' सिनेमा टीव्हीवर तसाच्या तसा दाखवता येत नाही. टीव्हीचे हक्क विकले गेले नाहीत तर निर्मात्याचं मोठं उत्पन्न बुडतं. मल्याळममधला 'मार्को' २०२४ च्या डिसेंबरात 'ए' घेऊन आला, त्यातल्या रक्तपातावर देशभर चर्चा झाली, आणि पुढच्या वर्षी टीव्हीसाठी मागितलेली परवानगी मंडळानं नाकारली. हा धोका ओळखून पुष्कळ निर्माते आधीच आपल्या हातानं काटछाट करून मुलांनाही पालकांच्या सल्ल्यानं बघता येणारं 'यूए' मागतात. म्हणजे चार-दोन शॉट गेले, बाकी भीती जिथल्या तिथं राहिली, आणि ज्या सिनेमाला तुमचा विद्यार्थी कायद्यानं आतच येऊ शकला नसता तिथं तो राजरोस तिकीट काढून बसला. अठरा वर्षांखालच्या मुलाला अडवणारं एकच अक्षर आपल्याकडं आहे, ते म्हणजे 'ए'. ('यू', 'यूए' आणि 'ए'शिवाय चौथं 'एस' असतं, पण ते डॉक्टर-शास्त्रज्ञांसारख्या विशिष्ट वर्गासाठी, थिएटरात ते सहसा दिसत नाही.) पालक 'आणखी कापा' म्हणतात तेव्हा ते नकळत 'ए'चं 'यूए' करा असं म्हणत असतात.

'यूए'चे आता तीन प्रकार झालेत. २०२३ च्या दुरुस्तीनं ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे आले. चांगली सुधारणा आहे, निदान पोस्टरवर बघून आईबापाला अंदाज येतो. पण हे आकडे फक्त पालकांना सल्ला म्हणून आहेत. १६+ सिनेमाला कुणी दहा वर्षांचं लेकरू घेऊन आला तर थिएटरवाला त्याला परत पाठवू शकत नाही. त्याची जबाबदारी फक्त 'ए'ला लागते. तिथं मात्र ती पूर्ण त्याचीच असते. अल्पवयीनाला 'ए' सिनेमा दाखवणं हा कायद्याच्या ७ व्या कलमाखाली येणारा विषय आहे. 'सेन्सॉरनं पास केलंय' हे तुमच्या थिएटरवाल्याचं उत्तर म्हणून अर्धंच आहे. पास केलंय, पण कुणासाठी, तेही त्याच सर्टिफिकेटवर लिहिलंय. सिनेमाच्या सुरुवातीला दहा सेकंद ते पडद्यावर असतं. सगळ्यांनी शिट्ट्या मारायच्या असतात म्हणून कुणी वाचत नाही, एवढंच.

ही पोरं आत कशी येतात तेही सांगतो. मॅटिनीला हॉल निम्मा रिकामा असतो. बुकिंगवरचा माणूस बघतो की सातजण आलेत, म्हणजे सात तिकिटं. मिशीची रेघ असली की तो वय विचारत नाही. ऑनलाइन तिकिटाला तर चेहराच नसतो. 'ए' आहे अशी सूचना येते, पोरगं ती बोटानं सरकवून पुढं जातं. डोअरकीपर ओळखीतला असतो, 'तुझ्या बापाला सांगू का?' एवढं म्हणतो आणि सोडतो. आमच्याकडं एक म्हातारे डोअरकीपर होते, ते आधार कार्ड वगैरे काही मागत नसत. 'कामून आलास? कितवीला हायेस?' असं एकदम विचारायचे. पोरगं तोंडातून 'नववी' म्हणून जायचं आणि लगेच जीभ चावायचं. त्यांचा धाक इतका होता की शाळेची पोरं त्यांची पाळी कधी संपते ते बघून येत. त्यांच्यानंतर जो आला त्याला मालकानं गर्दी मोजायला ठेवलं होतं. मालकाला दोष देणं सोपं आहे. एकपडदा थिएटर चालवणं आज काय आहे हे मला माहीत असल्यामुळं मी तो फारसा देत नाही. पण सूटही देत नाही.

लोकांच्या प्रतिक्रियेबद्दल थोडं. भयपट बघून माणसं चक्कर येऊन पडली, ओकली, अशा बातम्या दर काही वर्षांनी येतात. त्यातलं काही खरं असतं. रक्त दिसल्यावर काहींचा रक्तदाब एकदम उतरतो आणि शुद्ध हरपते, हे इंजेक्शन बघूनसुद्धा होतं. आडवं निजवायचं, पाय थोडे वर करायचे, बहुतेक माणूस दोन मिनिटांत उठून बसतो. पण त्या बातमीचा धंद्याला फार उपयोग असतो. अमेरिकेत विल्यम कॅसल नावाच्या निर्मात्यानं १९५८ मध्ये आपल्या 'मॅकाब्र' या भयपटाच्या प्रेक्षकांचा हजार डॉलरचा विमा उतरवला होता, भीतीनं मेलात तर वारसाला पैसे! लॉबीत नर्स उभ्या केल्या होत्या. आपल्याकडं २००८ मध्ये राम गोपाल वर्मांच्या 'फूंक'साठी थिएटरात एकट्यानं पूर्ण सिनेमा बघणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीस लावलं होतं. जात तीच. तुमचा मोर्चा निघाला तर पोस्टरवर लिहिता येत नाही एवढंच, बाकी तोही त्याच कामाला येतो. दुपारी निवेदन गेलेल्या सिनेमाला संध्याकाळी गर्दी वाढल्याचं मी तिकीटबारीच्या आतून बघितलंय.

परदेशात हा खेळ आपल्यापेक्षा जास्त झालाय. ब्रिटनमध्ये व्हीसीआर घरोघर आल्यावर १९८० च्या सुमारास भयपटांच्या कॅसेटवरून असा काही गदारोळ झाला की दुकानांवर छापे पडले, खटले झाले आणि १९८४ मध्ये व्हिडिओसाठी स्वतंत्र कायदा आला. 'द एक्सॉर्सिस्ट' १९७३ चा. तिथल्या थिएटरात तो चालला होता, पण घरी बघायच्या व्हिडिओला अधिकृत सर्टिफिकेट मिळायला १९९९ उजाडलं. त्या काळी खटले भरलेल्या कॅसेटमधले बहुतेक सिनेमे पुढं तिथं रीतसर पास झाले. इटलीत १९८० चा 'कॅनिबल होलोकॉस्ट' इतका खरा वाटला की दिग्दर्शक रुग्गेरो देओदातोला अटक झाली आणि नट जिवंत आहेत हे सिद्ध करावं लागलं. नटांचं मरण खोटं होतं, पण त्यात मारलेली जनावरं खरी होती. लोकांचा पहिला आरडाओरडा माणसांबद्दल होता. त्या सिनेमावर माझा आक्षेप विचाराल तर तो जनावरांवरून आहे, आणि तो आजही तितकाच आहे.

आता आपल्या मातीतलं. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला परदेशी कोथळ्यानं फार काही होत नाही, हे आधी सांगितलंच. पण पडद्यावर सुया टोचलेलं लिंबू आलं, केसांचा गुंता आला, उंबऱ्यावर पडलेली बाहुली आली की हॉलमधली खुसपूस बंद होते. आपल्याकडं भानामती ही ऐकीव गोष्ट नाही. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठणं, दांडीवरचे कपडे पेटणं, घरावर दगड पडणं, हे लातूर-नांदेडकडच्या कितीतरी गावांनी अनुभवलं म्हणून सांगितलंय, आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी त्यातली माणसाची करामत गावोगाव जाऊन उघडी केलीय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. या पार्श्वभूमीवर सेन्सॉरची मोजपट्टी बघा. ती रक्त मोजते. एखाद्या सिनेमात रक्ताचा थेंब नाही, पण शेजारची विधवा बाई करणी करते, ती करणी खरी ठरते आणि शेवटी तिला जाळतात तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडतात, अशा सिनेमाला 'यूए' मिळायला फार अडचण येत नाही. सुरुवातीला एक पाटी येते की आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही. ती पाटी इतक्या वेगानं जाते की मला चष्मा लावूनही पूर्ण वाचता येत नाही.

मला विचाराल तर तुमच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीनं तळघरातल्या बोटांपेक्षा हा सिनेमा जास्त घातक आहे. बोटांचं स्वप्न महिन्याभरात जातं. शेजारणीबद्दलचा संशय गावात राहतो. तरीही त्यावर मी बंदी मागणार नाही, कारण हीच बंदीची मागणी उद्या चांगल्या सिनेमावर फिरते. विशाल फुरियांचा 'लपाछपी' २०१७ मध्ये आला. उसाच्या फडातलं एकाकी घर, गरोदर बाई, आणि मुलगी जन्मू नये म्हणून माणसं काय करतात त्याची भीती. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. त्या जिल्ह्यात राहून मी तो सिनेमा निव्वळ भुताचा म्हणून बघूच शकलो नाही. तो थिएटरात बघताना माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई मध्यंतरानंतर शेवटपर्यंत पदर तोंडात धरून बसली होती. ती तशी बसली म्हणून तो सिनेमा 'टाळता येण्यासारखा' ठरवायचा का? समितीनं तेवढ्यासाठी कात्री लावली असती तर मी पहिला तक्रार करणारा असतो.

कायद्याच्या बाजूनंही बंदी टिकत नाही. दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या खटल्यात १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सिनेमा आधी तपासण्याची पद्धत मान्य केली, पण त्याच वेळी सांगितलं की समाजातल्या सगळ्यात दुबळ्या आणि बिघडलेल्या माणसाला सांभाळायचं म्हणून निरोगी माणसानं काय बघावं ते ठरवू नका. 'तमस' या टीव्ही मालिकेच्या वेळी १९८८ मध्ये न्यायालयानं कसोटी लावली ती खंबीर, समजूतदार माणसाची, डळमळीत मनाच्या माणसाची नव्हे. ती कसोटी मूळची आपल्या शेजारची : नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी मांडलेली. १९८९ च्या एस. रंगराजन निकालानं आणखी स्पष्ट केलं की मोर्चाची, हिंसेची धमकी आली म्हणून पास झालेला सिनेमा थांबवता येत नाही. बंदोबस्त ठेवणं सरकारचं काम. सिनेमा पास करणं केंद्राच्या अखत्यारीत, थिएटरचं लायसन राज्याच्या. तेव्हा तहसीलदार तुमचं निवेदन घेतील, पोच देतील, पुढं पाठवतील आणि सिनेमा आपली मुदत संपवून जाईल.

मोबाईलबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि नाहीही. ओटीटीवर आधी तपासणी नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणं कंपनी स्वतःच वयाचा गट ठरवते, १३+ पासून पुढं पालकांसाठी कुलूप देते आणि 'ए'साठी वय तपासायची सोय ठेवणं अपेक्षित असतं. ते कुलूप उघडं असतं, कारण घरात एकच खातं, एकच मोबाईल, आणि पासवर्ड पोरानंच टाकून दिलेला. टेलिग्रामवर फिरणाऱ्या चोरीच्या कॉपीला तर कसलाच नियम नाही. पण थिएटरातला अनुभव वेगळा. मोबाईलवर भीती वाटली की पोरगं तो पालथा घालतं. थिएटरात अंधार असतो, आवाज सगळीकडून येतो, आणि मित्रांसमोर उठून बाहेर जायची लाज वाटते. तुमच्या त्या मुलाला मला वाटतं सिनेमाएवढाच तो न उठता आल्याचा त्रास झालाय. म्हणून 'मोबाईलवर दिसतंच की' हे थिएटरच्या दाराकडं दुर्लक्ष करायचं कारण होत नाही.

त्या मुलाबद्दल. त्याला 'एवढा घोडा झालास आणि भितोस?' असं कुणी म्हणू नये, आधी मित्रांना बजावा. लहान लेकरं दिसण्याला घाबरतात, राक्षसाच्या तोंडाला. या वयाची पोरं खरोखर घडू शकेल अशा गोष्टीला घाबरतात, म्हणून 'भूत नसतं' हे त्याला सांगून उपयोग नाही. त्याला नेमका कोणता प्रसंग आठवतो ते दिवसा, उजेडात, चालता-चालता विचारा. मेकअप कसा करतात, रक्त म्हणून रंग-साखरेचा पाक कसा वापरतात, याचे व्हिडिओ भरपूर आहेत, ते त्याच्यासोबत बघा. माझ्याकडं असं पोर कुणी आणलं तर मी त्याला सरळ बूथमध्ये नेत असे. मशीन, दिवा, हार्ड डिस्क आणि घाम पुसत बसलेला ऑपरेटर बघितला की निम्मं काम होतं. तीन-चार आठवड्यांनीही झोप नाही, शाळा टाळतोय, जेवत नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

राहिलं निवेदन. ते तहसीलदारांऐवजी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं करा, लायसनचा विषय त्यांच्या कार्यालयात येतो. एक प्रत पोलीस ठाण्याला. सिनेमाचं नाव आणि कथा यात जाऊ नका, 'संस्कृती' हा शब्द तर मुळीच घालू नका, त्या शब्दानं फाईल दुसऱ्याच टेबलावर जाते. तारीख, शो कितीचा, किती विद्यार्थी आत होते, आणि सर्टिफिकेट 'ए' होतं एवढंच लिहा. मागणी तीन ओळींची ठेवा : 'ए' सिनेमाला बुकिंगवर आणि दारावर दोन्हीकडं वय तपासावं, सर्टिफिकेटचं अक्षर तिकीटखिडकीवर ठळक लावावं, शाळेच्या वेळेतल्या शोला अचानक तपासणी व्हावी. तिकिटाचे तुकडे कुणाकडं राहिले असतील तर झेरॉक्स जोडा. मुलांची नावं मात्र कुठंही लिहू नका.

आणि हे कार्यालयात देण्याआधी एकदा त्या थिएटरमालकाला भेटा, चहाला म्हणूनच जा. शाळेतले दोन शिक्षक आळीपाळीनं मॅटिनीच्या वेळी दारापाशी उभे राहतील असं सांगून बघा. बहुतेक मालक हो म्हणतात. वर्गशिक्षक दारात दिसले की नववीचं पोरगं रस्त्याच्या पलीकडूनच सायकल वळवतं, आणि मालकाला त्यासाठी माणूस ठेवावा लागत नाही.